बाकीच्या सहाजणी

कुंदाताई सामना बघायला बसल्या की शेजारी बसणाऱ्याचं डोकं फिरायचं. आमची मुलगी चढाईला गेलेली असायची, पलीकडच्या दोघींना शिवून निसटायच्या बेतात असायची, मैदानाभोवतीची माणसं उठून ओरडत असायची, आणि कुंदाताईंची नजर भलतीकडेच. आपल्या अंगणात मागे उरलेल्या सहाजणींवर. कोण कमरेवर हात ठेवून उभी आहे, कोणाला धाप लागलीय, कोण चढाई बघण्यात इतकी गुंगलीय की पुढच्या क्षणी पलीकडची येणार हेच विसरलीय. आरडाओरडा थांबला की त्या शेजारच्याला विचारायच्या, "किती आणले गो?"

एकदा मी न राहवून म्हटलं, "ताई, तुम्ही चढाई बघतच नाही का?"

"चढाई सगळेच बघतात, सुधे. बाकीच्यांकडे कोण बघणार?"

गिरणीसंप होऊन गेल्यानंतरची ती वर्षं. घाटकोपरच्या आमच्या कॉलेजात कुंदा पेडणेकर शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका होत्या आणि मुलींचा कबड्डीचा संघ त्यांच्याकडे होता. चाळिशीला टेकलेल्या, ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या. पाचवारी साडी घोट्याच्या वर नेसलेली आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. डावा पाय जरा ओढत चालायच्या. त्याबद्दल कॉलेजात बऱ्याच कहाण्या होत्या. खेळताना गुडघा फुटला, कोणी मुद्दाम पाडलं वगैरे. त्यांना विचारलं तर म्हणायच्या, "चाळीच्या जिन्यावरून पडले. हातात रॉकेलचा डबा होता."

त्यांचे दोन अवतार होते. कॉलेजच्या इमारतीत त्या 'मॅडम' होत्या. तिथे कोणी ताई म्हटलेलं चालायचं नाही, आणि त्या आम्हाला चक्क 'कुमारी अमुक' अशी हाक मारायच्या. इमारतीमागच्या मैदानात पाऊल पडलं की त्या कुंदाताई व्हायच्या आणि तोंडात मालवणी यायची. "काय गो, झोपलंस काय?" ही त्यांची मायेची हाक. खरोखर चिडल्या की मात्र शुद्ध मराठी बोलायच्या. ते फार कमी वेळा व्हायचं, आणि झालं की आमची वाट लागायची.

सरावाआधी मैदानातले खडे वेचायचे असा नियम होता. आम्ही सगळ्या ओळीने उकिडव्या बसून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत जायचो, आणि ओळीच्या मध्यभागी, पदर खोचून, कुंदाताई. गुडघा दुखायचा तरी बसायच्या. मग नखांची तपासणी. वाढलेलं नख दिसलं की पिशवीतून नेलकटर काढून स्वतः कापायच्या, आईने कापावीत तशी, बोट घट्ट धरून. सराव संपला की घरून आणलेल्या डब्यातले भिजवलेले हरभरे. एकेकीच्या तळहातावर मूठ मूठ. न खाता कोणी निघालं तर फाटकातून परत बोलवायच्या.

त्या वर्षी आमच्या संघात शालन सावंत होती. तिसऱ्या वर्षाला. तिचे वडील गिरणीत होते. संपानंतर ते घरीच बसले होते आणि आई पोळ्या लाटून द्यायची. शालन आमची पहिली चढाई करायची. पण शालनची चढाई बघायला कोणी तिकीट काढून आलं नसतं. शांतपणे पलीकडे जायची, निदान रेषा ओलांडायची, म्हणजे आत जिथवर जायलाच हवं तिथवर जायची, एक पाय टाकून बघायची, आणि काही जमत नाही असं दिसलं की परत यायची. बरेचदा रिकाम्या हाताने. मैदानाबाहेरची पोरं ओरडायची, "काय आणलंस, भाजी?" शालन घाम पुसून मुकाट आपल्या जागी उभी राहायची आणि शेजारणीचा हात धरायची.

हा हात धरणं म्हणजे साखळी. पलीकडची चढाईला आली की आपल्याकडच्या मुली दोघी-दोघी हात धरून उभ्या राहतात. एकीने झेप घेऊन तिचा पाय धरायचा, दुसरीने हात न सोडता आपलं सगळं वजन मागे टाकायचं. झेप घेणारीचं नाव होतं. मागे ओढणारीचं कोणाच्या लक्षातही राहत नाही. पण तिने हात सोडला तर झेप घेणारी एकटी पडते, आणि धावत्या अंगाखाली एकटं पडणं काय असतं ते आम्हाला लवकरच कळणार होतं.

जुलैत निवड चाचणी झाली आणि वनिता आली. भांडुपच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली, पहिल्या वर्षाची, काळीसावळी, काटक. चाचणीत तिला चढाईला सोडलं. ती गेली आणि आली, एवढंच मला आठवतं. मधे काय झालं ते दिसलंच नाही. परत आली तेव्हा आमच्यातल्या चौघी बाहेर होत्या आणि त्यात मी होते. माझ्या पोटरीला तिचा पाय कधी लागला ते मला आजही सांगता येणार नाही.

"झकास!" ज्योती ओरडली. ज्योती आमची डावा कोपरा, म्हणजे डाव्या टोकाला उभी राहणारी, पकडीतली सगळ्यात धाडसी. "ताई, झालं काम! चषक आपलाच."

कुंदाताईंनी वनिताला जवळ बोलावलं, तिचे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "आधी नखां काप."

वनिता संघात आली, पण राखीव. सामने सुरू झाले तरी ती रेषेबाहेर सतरंजीवर बसून. पहिली चढाई शालनचीच. आम्ही कसेबसे जिंकत होतो, एक-दोन गुणांनी, आणि प्रत्येक सामन्यानंतर ज्योती म्हणायची, "वनिता असती तर लोण चढवला असता यार." लोण म्हणजे समोरच्या सातही जणी बाहेर. कुजबूज सुरू झाली ती तेव्हाच. शालन आणि कुंदाताई एकाच तालुक्यातल्या. गाववाली म्हणून घेतात. शालनच्या घरी चूल पेटायची पंचाईत, खेळाडू म्हणून कुठे चिकटली तर बरं, म्हणून घेतात. कुंदाताईंच्या कानावर हे जात नसेल असं शक्यच नव्हतं. त्या हरभरे वाटत राहिल्या.

मग मुलुंडच्या सामन्याच्या दिवशी शालन तापाने फणफणली, आणि वनिता उतरली.

तो सामना ज्यांनी पाहिला ते पुढे कितीतरी दिवस त्याच्याबद्दलच बोलत होते. वनिता गेली की दोघी तरी मारून यायची. मुलुंडच्या मुली तिला येताना बघून मागच्या रेषेपर्यंत सरकायला लागल्या. लोक तिचं नाव विचारायला लागले. आम्ही खूप पुढे होतो, सामना जवळजवळ संपला होता, आणि त्यांची एक भारी अंगाची मुलगी शेवटाशेवटाच्या एका चढाईला आली. ज्योतीने झेप टाकली. पाय धरला. तिचा दुसरा हात वनिताच्या हातात होता.

वनिताने हात सोडला आणि उडी मारून मागे झाली.

तिने ते मुद्दाम केलं नाही. समोरून धोका आला की निसटायचं, हेच तिच्या अंगात भिनलेलं. त्याच जोरावर तर ती चढाईत कोणाला सापडायची नाही. पण ज्योती एकटी फरफटली, ती भारी मुलगी तिच्या अंगावर पडली, आणि लाकूड मोडल्यासारखा आवाज मला ऐकू आला. गळ्याजवळचं हाड. ज्योती ओरडलीसुद्धा नाही, नुसतं तोंड उघडून पडून राहिली.

आम्ही सामना जिंकलो. टाळ्या वाजल्या तेव्हा कुंदाताई मैदानात नव्हत्या. ज्योतीला रिक्षात घालून त्या हॉस्पिटलात गेल्या होत्या. ज्योतीच्या आईला निरोप देऊन, प्लास्टर होईपर्यंत थांबून, तिला घरी पोचवून मग त्या आपल्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी वनिता सरावाला आली ती डोळे सुजवून. आम्हाला वाटलं, आता शुद्ध मराठी ऐकायला मिळणार. पण कुंदाताईंनी कोणाची तरी ओढणी मागून घेतली, शालनचा उजवा हात आणि वनिताचा डावा हात मनगटाशी एकत्र बांधला आणि म्हणाल्या, "चला. सराव."

तसा सराव कितीतरी दिवस चालला. दोघी बांधलेल्या हातांनी धावायच्या, पडायच्या, उठायच्या. पाणी प्यायचं तर एकीने तांब्या धरायचा, दुसरीने वाकायचं. एकीला शिंक आली की दुसरीचा हात हलायचा. सुरुवातीला वनिता रागाने ओढायची आणि शालनच्या मनगटावर वळ उठायचे. शालन तिला म्हणायची, "अगं, मी कुठे पळून चाललेय?" हळूहळू दोघींची पावलं जुळायला लागली. पण ओढणी सोडली, खरी चढाई अंगावर आली की वनिताचा हात अजूनही सुटायचा. दर वेळी नाही. पण सुटायचा.

"पुन्हा नाय सोडनार, ताई," ती शपथ घ्यायची.

"बरां," कुंदाताई म्हणायच्या. आणि पुढच्या सामन्यात पुन्हा शालन.

याच सुमारास वनिताची आई मैदानावर आली. मासळी विकून परस्पर आली होती. रिकामी पाटी फाटकाशी ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि सरळ कुंदाताईंसमोर उभी राहिली.

"तू पेडनेकरीन का?"

"होय."

"माजी पोर हितं खेलाला येते, बसाला नाय. बसाची तं माजे बाजूला बाजारान बसंल. तिला का बसवून ठेवताव?"

वनिता धावत आली, "आये, चल तू," म्हणून तिचा हात ओढायला लागली. कुंदाताईंनी तिला हातानेच थांबवलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "तुमच्या पोरीएवढी चढाई माझ्या अख्ख्या आयुष्यात कोणी केलेली मी बघितली नाही. मीही नाही केली."

बाई थोडी निवळली. कुंदाताईंनी ज्योतीला हाक मारली. ज्योती गळ्यात हात अडकवून रोज सराव बघायला यायची. "ही ज्योती. हिचं हाड मोडलं. वनिताने हात सोडला म्हणून."

बाईने ज्योतीकडे पाहिलं, मग लेकीकडे. वनिता मातीकडे बघत होती. हे घरी सांगितलेलं नव्हतं, ते उघड होतं.

"अजून पोर हाय ती," बाई म्हणाली.

"ही पण पोरच आहे. सगळ्याच कोणाच्या तरी पोरी आहेत. शालन गुण कमी आणते, पण ती मैदानात असली की सहाजणी आपल्या पायांनी घरी जातात. मला सातही घरी पाठवायच्या असतात."

मला वाटलं होतं, आता बाई मान डोलावेल, पटलं म्हणेल. तसं झालं नाही. ती उठली, पाटी उचलली. "तुजा खरा असंल, बाय. पन माजी पोर रोज रातचे रडते. त्याचा कं करू, ता पन सांग."

कुंदाताई तिच्यासोबत फाटकापर्यंत गेल्या आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. त्या दिवशी हरभरे वाटायचे राहून गेले. डबा तसाच घरी गेला.

रडतखडत आम्ही अंतिम फेरीत पोचलो. सामना अंधेरीला होता. आणि बातमी आली की एका सरकारी कंपनीचे क्रीडा अधिकारी सामना बघायला येणार आहेत. मुलींचा संघ नव्याने बांधायचा होता, खेळाडूंना नोकऱ्या मिळणार होत्या. आमच्यातल्या निम्म्या जणींच्या घरी त्या एका नोकरीने दिवस पालटले असते.

सामन्याच्या आदल्या दिवशी उपप्राचार्यांनी कुंदाताईंना बोलावलं. मी पाण्याच्या बाटल्यांसाठी ऑफिसात गेले होते आणि दार उघडंच होतं.

"मॅडम, ते लोक त्या कोळ्यांच्या मुलीचं ऐकून येतायत. तिला बसवलंत तर कॉलेजचं हसं होईल."

"तिला मी बसवलेली नाही सर. तिची वेळ आली की ती उतरेल."

"कधी येणार वेळ? आणि स्पष्टच बोलतो. तुम्ही गाववालीला पुढे करताय असं लोक म्हणतात."

कुंदाताईंच्या तोंडी आता मैदानावर चिडल्यावरची ती शुद्ध मराठी आली. "सर, मुलुंडच्या सामन्यानंतर मी एका मुलीच्या आईला सांगून आले, की तुमच्या मुलीचं हाड मोडलंय. पुढच्या वेळी ते सांगायला तुम्ही येणार असाल तर संघ तुम्ही निवडा."

बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावरची शीर टरटरून फुगलेली होती. कोपऱ्यावर शालन उभी होती. तिनेही ऐकलं असावं. इमारतीचे नियम दोघीही विसरल्या.

"ताई, उद्या वनिताला उतरवा. मी बसते."

"कित्याक?"

"लोक तुम्हाला बोलतात माझ्यामुळे."

"आणि नोकरी? घरी काय सांगशील?"

शालनचे डोळे भरले. कुंदाताई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की ऑफिसातला शिपाई बाहेर आला. "कोण उतरणार ते मी ठरवणार! तू नाही, उपप्राचार्य नाहीत आणि तो अधिकारी तर नाहीच नाही. नखं बघू तुझी."

अंधेरीच्या मैदानावर दुपारीच माणसं जमली होती. फक्कीच्या पांढऱ्या रेषा नुकत्याच आखलेल्या, मांडवात खुर्च्या, पहिल्या रांगेत ते अधिकारी, पांढरा सफारी घातलेले, शेजारी आमचे उपप्राचार्य. कोळीवाड्यातून वनिताची आई आणि आणखी काही बायका आल्या होत्या. सात नावं पुकारली. त्यात वनिता नव्हती. मांडवातून एक 'अरेरे' असा आवाज उठला आणि तो आमच्या सगळ्यांच्या पाठीवर आदळला.

पहिला डाव म्हणजे शिक्षा होती. समोरच्या संघाची एक उंच, लांब हातांची मुलगी येता-जाता आमच्यातली एखादी घेऊन जात होती. शालन जायची आणि रिकामी यायची. पोरं 'भाजी, भाजी' करायला लागली. एकदा तर कोळीवाड्यातल्या बायकांनी 'वनिता, वनिता' असा गजर धरला. ज्योतीच्या जागी आलेली आमची नवी कोपऱ्यातली मुलगी सारखी मागच्या रेषेकडे सरकत होती. शालनने तिचा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. त्या दोघींनी मिळून उंच मुलीला एकदा पाडलं तेवढाच आमचा आनंद. उपप्राचार्यांनी शिपायाकरवी चिठ्ठी पाठवली. कुंदाताईंनी ती न उघडताच चपटी करून बुटाखाली ठेवली. मध्यंतर झालं तेव्हा आम्ही पाच गुणांनी मागे होतो.

आम्ही त्यांच्याभोवती गोळा झालो. कुंदाताई वनिताकडे वळल्या.

"साखळीत हात सोडशील?"

आम्हाला तिचं उत्तर पाठ होतं. पण वनिताने या वेळी शपथ घेतली नाही. "मना म्हाईत नाय, ताई."

याच उत्तराची वाट बघत असल्यासारखी कुंदाताईंनी मान हलवली. मग मला खांद्याला धरून बाजूला केलं. "सुधे, तू बस. वनिता, आत जा. शालनच्या शेजारी."

मी सतरंजीवर बसले, आणि त्यामुळे उरलेला सामना मला पूर्ण दिसला.

वनिता पहिल्याच चढाईत दोघी घेऊन आली. मांडव उभा राहिला. पुढच्या वेळी एक, मग पुन्हा दोघी. उंच मुलगी आली तेव्हा साखळी डगमगली पण टिकली. मी फक्त वनिताच्या हाताकडे बघत होते. गुण बरोबरीत आले. मग आम्ही एका गुणाने पुढे. अधिकारी खुर्चीत पुढे सरकून बसले होते. पंचांनी घड्याळ पाहिलं. शेवटची चढाई त्यांची. उंच मुलगी येणार होती. ती रिकामी परतली किंवा सापडली तर आम्ही विजेते. तिने एक मारली तर बरोबरी, पुन्हा जादा वेळ.

ती आली. 'कबड्डी, कबड्डी' सोडून मैदानावर दुसरा आवाज नव्हता. डावीकडे गेली, फसवून उजवीकडे वळली, आणि शालनने झेप टाकली. घोटा धरला. तिचा दुसरा हात वनिताच्या हातात.

तेव्हा वनिताला मागे व्हायची सगळी मुभा होती. तिने हात सोडला असता, उडी मारली असती, तर फार तर शालन बाद, बरोबरी. ती मागे झाली नाही. शालन फरफटायला लागली तशी हाताच्या ओढीने तीही पुढे गेली, आणि पुढे गेली ती थेट त्या उंच मुलीच्या कमरेवर. दोघी तिला बिलगून मातीत पडल्या. उंच मुलगी पडता पडता लांबली, अख्खं अंग ताणून लांबली, आणि तिच्या बोटांची टोकं मध्यरेषेला लागली.

पंचांनी दोन बोटं वर केली. शिवलेल्या दोघी बाद. दोन गुण. आम्ही एका गुणाने हरलो.

पुढचा गोंधळ नीट आठवत नाही. पलीकडच्या नाचत होत्या. मांडवातून कोणीतरी ओरडलं, "अगं, बाजूला व्हायचं होतं ना!" वनिता मातीतच बसून राहिली होती, शालनचं मनगट अजून तिच्या मुठीत. दोन्ही हातांनी तोंड झाकायचं तर तिला ते सोडावं लागलं असतं, म्हणून ती तशीच, उघड्या तोंडाने रडत होती. कुंदाताई पाय ओढत मैदानात गेल्या. वाकल्या. मला वाटलं मनगट सोडवतील. त्यांनी वनिताच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "आज खेळलंस गो."

त्यांचा चेहरा मी पाहिला. इतक्या सामन्यांत, जिंकलेल्या सामन्यांतसुद्धा, त्यांना एवढं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. उपप्राचार्यांनीही तो चेहरा पाहिला असणार, कारण पुढच्या वर्षी संघ दुसऱ्या शिक्षकांकडे गेला.

नोकरीचं बोलावणं वनिताला आलं. फक्त वनिताला. शालनने ती बातमी कळल्यावर कुंदाताईंकडे जाणं काही दिवस टाळलं, मग गेली, आणि त्या दोघींत काय बोलणं झालं ते तिने कोणाला सांगितलं नाही. नंतर तिने शिक्षिकेचा कोर्स केला आणि मरोळला एका शाळेत लागली. कुंदाताई कॉलेजात पी.टी.चे तास घेत राहिल्या. मागच्या मैदानात मात्र त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. आता त्या दिवसभर मॅडमच असायच्या.

मग गावी त्यांची आई अंथरुणाला खिळली आणि त्यांनी नोकरी सोडली. कुर्ल्याच्या एस.टी. डेपोत आम्ही त्यांना सोडायला गेलो. शालन आली, ज्योती आली, वनिता ऑफिसमधून धावत आली, हातात सुक्या बोंबलांची पिशवी, आईने दिलेली. पिशवीचा वास साऱ्या फलाटावर पसरला आणि कुंदाताई म्हणाल्या, "आता माका गाडीत कोण बसाक देतलो?" आम्ही हसलो. सामान वर चढवलं. गाडी सुटायला थोडा वेळ होता.

तेव्हा वनिताने विचारलं. "ताई, त्या दिवशी मना पयल्यापासून खेलवली असती तर?"

ज्योतीने तिला कोपराने ढोसलं. शालन चपलेकडे बघायला लागली. मला वाटलं, कुंदाताई साखळीबद्दल काहीतरी सांगतील, किंवा विषय बदलतील.

"तर जिंकलो असतो," कुंदाताई म्हणाल्या. "मी हजारदा मोजून बघितलंय. आरामात जिंकलो असतो."

"मंग?"

"मग काय? उद्या परत तोच सामना असला तरी मी शालनलाच उतरवीन."

शालनने मान वर केली नाही, पण तिचे खांदे हलत होते. वनिता कुंदाताईंकडे बघत उभी होती. रागावली की काय, मला कळेना. मग तिने बोंबलांची पिशवी उचलली, त्यांच्या पुढे होऊन गाडीत चढली आणि त्यांच्या सीटखाली ती नीट, तोंड गाठ मारून ठेवली. उतरताना त्यांच्या पाया पडली.

कंडक्टरने घंटी मारली. गाडी मागे घेताना धुराचा लोट आला आणि तो विरला तेव्हा खिडकीत कुंदाताई दिसल्या नाहीत. त्या गाडीच्या मधल्या वाटेत उभ्या होत्या. कोणीतरी म्हातारी लेकराला घेऊन चढली होती आणि तिला जागा नव्हती. कुंदाताईंनी अख्ख्या एका रांगेला उठवलं होतं. एक गृहस्थ हातवारे करून आपलं आरक्षण दाखवत होते, आणि त्या शांतपणे त्यांची वळकटी उचलून मागच्या सीटवर ठेवत होत्या. आम्ही हात हलवत राहिलो. लाल गाडी फाटकातून वळली. त्यांनी एकदाही बाहेर पाहिलं नाही.